जुन्या हॅम रिगच्या ट्यूब बदलताना: आधी काय तपासायचं, मग काय घ्यायचं

जुन्या ट्रान्सीव्हरच्या, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या हॅम (हौशी) रेडिओ सेटच्या, फायनल ट्यूब (अँटेनाला शेवटची पॉवर देणाऱ्या) गेल्या, महिनाभर शोधून नवी जोडी मिळवली, बसवली, आणि पहिल्याच ट्यूनिंगला तिच्याही प्लेटी (ट्यूबमधले बाहेरचे धातूचे इलेक्ट्रोड) लाल झाल्या. ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. खोलात गेलं की दर वेळी दोनांपैकी एक चूक सापडते. एक तर जुनी ट्यूब कशामुळे गेली हे न बघताच नवी घातलेली असते. नाहीतर काचेवरचा नंबर जुळला म्हणजे ट्यूब जुळली असं धरून चाललेलं असतं.

म्हणून या लेखात खरेदी सहाव्या टप्प्यावर येते. त्याआधीचे पाच टप्पे गाळू नका. चांगल्या ट्यूब आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि चुकीच्या सर्किटमध्ये जळालेली ट्यूब पुन्हा मिळत नाही.

१. हात घालण्याआधी

एफटी-१०१ या ट्रान्सीव्हरमध्ये फायनलच्या प्लेटवर सुमारे ६०० व्होल्ट असतात, एचडब्ल्यू-१०१ या ट्रान्सीव्हरमध्ये सुमारे ८००. ३-५००झेड ट्यूबच्या लिनियर अँप्लिफायरमध्ये हा आकडा अडीच-तीन हजारांवर जातो. सेट बंद केला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये हा चार्ज राहतो. तो उतरवण्यासाठी ब्लीडर रेझिस्टर असतो खरा, पण तो तुटलेला असला तर बाहेरून काहीच कळत नाही.

क्रम असा ठेवा. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून थांबू नका. पाच मिनिटं थांबा. मग मीटर लावून प्लेट कॅप आणि चॅसिसमधलं व्होल्टेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा. त्यानंतर इन्सुलेटेड दांड्याच्या शॉर्टिंग स्टिकने प्लेट कॅप चॅसिसला टेकवा आणि काम संपेपर्यंत तशीच राहू द्या.

सावधान: साधा मल्टिमीटर ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचाच असतो. अँप्लिफायरच्या प्लेट सप्लायवर तो लावू नका, त्यासाठी हाय व्होल्टेज प्रोब लागतो.

सेटचं मॅन्युअल आणि सर्किट डायग्राम समोर असल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येक ट्यूबची जागा व्ही१, व्ही२ अशी लिहून घ्या आणि वरून एक स्वच्छ फोटो काढा. सेट आधीच कुणीतरी उघडलेला असेल, तर आत बसलेली ट्यूब बरोबर आहे असं गृहीत धरू नका. तिचा नंबर मॅन्युअलशी ताडून बघा.

२. ट्यूब खरंच गेली आहे का

आउटपुट कमी झालं की दोष फायनलवर जातो, पण कित्येकदा दमलेला असतो तो ड्रायव्हर, म्हणजे फायनलला सिग्नल पुरवणारी आधीची ट्यूब. एफटी-१०१ आणि टीएस-५२० मध्ये तीनच ट्यूब आहेत: एक १२बीवाय७ए ड्रायव्हर आणि दोन फायनल. तिघींत ड्रायव्हर सर्वात स्वस्त आणि बदलायलाही सोपा. फायनलच्या ग्रिडपर्यंत (करंट आवरणारी ट्यूबमधली जाळी) ड्राइव्ह, म्हणजे सिग्नल, पुरेसा पोचतोय का, हे सेटच्या एएलसी (ड्राइव्ह आपोआप मर्यादेत ठेवणारं सर्किट) मीटरवरून आधी बघा.

फायनलची साधी परीक्षा म्हणजे आयडलिंग करंट, म्हणजे ड्राइव्ह नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट. मॅन्युअलमधला आकडा, एफटी-१०१ साठी ६० मिलिअँपिअर आणि एचडब्ल्यू-१०१ साठी ५०, बायस (ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज) ठरवणाऱ्या पॉटने मिळतो आणि स्थिर राहतो, तर ट्यूबमध्ये अजून जीव आहे. पॉट टोकाला नेऊनही करंट वर येत नसेल, तर एमिशन, म्हणजे कॅथोडची इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद, संपत आलं आहे. मात्र हा निकाल देण्याआधी हीटरचं व्होल्टेज थेट सॉकेटच्या पिनांवर मोजा. काळवंडलेल्या पिनमुळे हीटरला साडेपाचच व्होल्ट मिळत असतील, तर चांगली ट्यूबही म्हातारी दिसते.

बघून कळणाऱ्या गोष्टी:

- गेटरचा (उरलासुरला गॅस शोषणाऱ्या थराचा) काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे. ती ट्यूब संपली. डागाच्या कडा तपकिरी झाल्या असतील तर घाबरू नका.
- काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाक सहसा निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत जांभळट धुकं दिसलं तर तो गॅस आहे.
- ०ए२ सारख्या रेग्युलेटर ट्यूब आणि ८६६ए सारखे पाऱ्याचे रेक्टिफायर चमकणारच. त्यांचं कामच तसं चालतं.
- चालू सेटमध्ये लहान ट्यूबला पेन्सिलच्या रबरी टोकाने हलकी टिचकी मारा. खरखर झाली तर आत काहीतरी सैल आहे, किंवा सॉकेट सैल आहे. दोन्ही शक्यता तपासा.

रिसीव्हरच्या लहान ट्यूबसाठी सगळ्यात भरवशाचा उपाय अदलाबदलीचा. एकाच सेटमध्ये ६एयू६ दोन-तीन ठिकाणी असतात. त्यांची जागा बदलून बघा. दोष ट्यूबबरोबर सरकला तर ट्यूब, जागीच राहिला तर सर्किट.

ट्यूब टेस्टरवर मी फार विसंबत नाही. नुसतं एमिशन दाखवणारा टेस्टर शॉर्ट पकडतो आणि अगदी मेलेली ट्यूब ओळखतो, त्यापलीकडे फार काही सांगत नाही. म्युच्युअल कंडक्टन्स (ग्रिडचं व्होल्टेज बदललं की प्लेट करंट किती बदलतो) मोजणारा बरा, पण तोही ६१४६ सारख्या फायनलला ८०० व्होल्टवर तपासत नाही. टेस्टरवर हिरवी दिसलेली ट्यूब सेटमध्ये नापास होऊ शकते. शेवटी परीक्षा सेटमध्येच होते.

३. गेली असेल तर का गेली

लोक सर्रास गाळतात तो टप्पा हा.

एका ओळखीच्या हॅमने आपला ट्रान्सीव्हर माझ्याकडे आणला. दुसरी जोडीही गेली होती. तिसरी घालण्याआधी एकदा बघू म्हणून मी जुन्याच ट्यूबवर सेट चालू केला, खोलीतला दिवा मालवला आणि ट्रान्समिटवर टाकला. तिसऱ्या मिनिटाला एका ट्यूबच्या करड्या प्लेटवर, जोडाच्या रेषेलगत, नखाएवढा मंद तांबूस ठिपका उमटला आणि पसरू लागला. त्या वेळी ड्राइव्ह शून्य होता. बायस पॉट आधीच कुणीतरी टोकापर्यंत फिरवून ठेवलेला. सेट बंद केला, चार्ज उतरवला, ड्रायव्हरच्या प्लेटकडून फायनलच्या ग्रिडकडे येणाऱ्या कपलिंग कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवलं आणि त्या मोकळ्या टोकावर मीटर लावला. सेट पुन्हा चालू केल्यावर मीटरने १४ व्होल्ट दाखवले, आणि ते उतरेनात. कपॅसिटर गळत होता. ड्रायव्हरचं पॉझिटिव्ह व्होल्टेज झिरपून ग्रिडवर येत होतं आणि बायस खाऊन टाकत होतं. दोन जोड्या एका लहानशा कपॅसिटरपायी गेल्या.

ही चाचणी प्रत्येक सेटवर करा. फायनल काढून ठेवा. ड्रायव्हरला प्लेट व्होल्टेज मिळेल अशा स्थितीत, म्हणजे बहुतेक ट्रान्सीव्हरमध्ये ट्रान्समिटवर, १० मेगओहम इनपुटच्या डिजिटल मीटरने सोडवलेल्या टोकाचं व्होल्टेज बघा. सुरुवातीला आकडा क्षणभर उडतो आणि शून्याकडे येतो, ते ठीक. एखादा व्होल्ट जरी टिकून राहिला तरी कपॅसिटर बदला, आणि नवा घेताना मूळपेक्षा जास्त व्होल्टेजचा घ्या.

त्यानंतर या गोष्टी:

- ग्रिड पिनवरचं निगेटिव्ह बायस मॅन्युअलइतकं आहे का? बायस पॉट फिरवल्यावर ते सलग बदलतं का, की मध्येच उडी मारतं? पॉटचा ट्रॅक एका जागी तुटला असेल तर त्या क्षणी बायस नाहीसा होतो.
- बायस सप्लायचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. जुना असेल तर बदलूनच टाका.
- स्क्रीन ग्रिडचा (प्लेटच्या अलीकडच्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर वयाबरोबर वाढतात, ४७ किलोओहमचा ७० किलोओहम झालेला मिळतो.
- प्लेट कॅपजवळच्या पॅरासिटिक सप्रेसरमधला (नको असलेलं ऑसिलेशन दाबणाऱ्या जोडणीतला) रेझिस्टर. कॉइल त्याला समांतर असते, त्यामुळे जागेवर मोजल्यास नेहमी शॉर्टच दिसतो. एक टोक सोडवून मोजा.

आणखी एक मोजमाप हवंच. जुना सेट ज्या मेन्स व्होल्टेजसाठी बनवला, त्यापेक्षा आज प्लगमध्ये बहुधा जास्त व्होल्टेज येतं. हीटरला ६.३ ऐवजी ६.८ मिळत असतील तर ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग बदला. ६.३ च्या पाच टक्के आत राहिलात की ट्यूब पूर्ण आयुष्य देते.

तपासा: ग्रिडवर गळती नाही, बायस स्थिर आहे, स्क्रीनचं व्होल्टेज बरोबर आहे, हीटर ६.३ च्या आसपास आहे. चारही आकडे कागदावर येईपर्यंत खरेदी नाही.

४. नंबर वाचायला शिका

अमेरिकन पद्धतीत पहिला आकडा हीटरचं व्होल्टेज सांगतो: ५ म्हणजे ५ व्होल्ट, ६ म्हणजे ६.३, १२ म्हणजे १२.६. त्यामुळे ६बीए६ आणि १२बीए६ यांच्यात फरक फक्त हीटरचा. अपवाद लक्षात ठेवा. लॉक्टल (सॉकेटमध्ये अडकून बसणाऱ्या) बेसच्या ७ ने सुरू होणाऱ्या ट्यूब प्रत्यक्षात ६.३ व्होल्टच्याच असतात. १२एएक्स७ च्या घराण्याचा आणि १२बीवाय७ए चा हीटर मधोमध टॅप केलेला असतो, तो १२.६ वरही चालतो आणि जोडणी बदलली की ६.३ वरही.

युरोपीय नावात पहिलं अक्षर हीटर सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या सिरीज साखळीसाठी. ईएल५०९ आणि पीएल५०९ दिसायला जुळ्या, पण पहिलीचा हीटर ६.३ व्होल्टचा आणि दुसरीचा ४० व्होल्टचा. पीएल चुकून घेतली तर सेटमध्ये ती तापणारच नाही. नेहमी लागणाऱ्या जोड्या अशा: ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७, ईसीसी८१ म्हणजे १२एटी७, ईएफ९३ म्हणजे ६बीए६, ईके९० म्हणजे ६बीई६, ईएफ९४ म्हणजे ६एयू६, ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५.

चार आकडी औद्योगिक आणि लष्करी नंबर शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतात, म्हणून ते ओळखता आले की फायदा होतो. ५७४९ म्हणजे ६बीए६, ५७५० म्हणजे ६बीई६, ६१३६ म्हणजे ६एयू६, ५६५४ म्हणजे ६एके५, ५७२६ म्हणजे ६एएल५, ६००५ म्हणजे ६एक्यू५. पण इथेही डोळे उघडे ठेवा. ५८१४ए ही १२एयू७ ची मजबूत बहीण, तिचा हीटर मात्र ६.३ व्होल्टवर ३०० ऐवजी ३५० मिलिअँपिअर घेतो. समांतर हीटर असतील तर काही बिघडत नाही, सिरीज साखळीत बिघडतं.

शेवटची अक्षरं: जीटी म्हणजे सरळ लहान काच, डब्ल्यू म्हणजे धक्के सोसणारी, आणि ए, बी, सी म्हणजे पुढची सुधारित आवृत्ती. सुधारित आवृत्ती जुन्या जागी चालते हा नियम बहुतेक वेळा खरा आहे. जिथे तो मोडतो, तिथेच सर्वात जास्त नुकसान होतं.

५. पिना जुळल्या म्हणजे ट्यूब जुळली नाही

६१४६ आणि ६१४६बी. बहुतेक प्रश्न याच जोडीबद्दल येतात. साध्या ६१४६ ची प्लेट २५ वॉट सोसते, ६१४६बी ची, म्हणजेच ८२९८ए ची, ३५ वॉट. हे वाचून कुणालाही बी घ्यावीशी वाटेल. टीएस-५२० सारख्या, एस२००१ या बी च्याच जातीच्या ट्यूबवर चालणाऱ्या सेटला बी योग्यच आहे. पण केडब्ल्यूएम-२ सारखे जुने सेट साध्या ६१४६ वर बेतलेले आहेत. बी ची अंतर्गत कपॅसिटन्स आणि गेन थोडी वेगळी, त्यामुळे अशा सेटमध्ये न्यूट्रलायझेशन (प्लेटकडून ग्रिडकडे परत झिरपणारा सिग्नल रद्द करणारी जुळणी) नीट बसत नाही आणि वरच्या बँडवर स्टेज स्वतःच ऑसिलेट करू शकते. तिथे साधी ६१४६ किंवा ६१४६ए शोधा. ६१४६डब्ल्यू घेताना विशेष जपा. या एकाच नावाखाली जुन्या ए जातीच्या आणि नंतरच्या बी जातीच्या, अशा दोन्ही ट्यूब बाजारात आल्या आहेत. जोडी घेणार असाल तर दोन्हींची आतली रचना शेजारी धरून बघा.

एक ६१४६ आणि एक ६१४६बी अशी मिश्र जोडी कधीही लावू नका. कारण हिशेबानेच दिसेल. साध्या ६१४६ चा हीटर ६.३ व्होल्टवर १.२५ अँपिअर घेतो, बी चा १.१२५. मोबाइल वापरासाठी केलेल्या बऱ्याच सेटमध्ये दोन्ही हीटर १२.६ व्होल्टवर सिरीजमध्ये असतात. तेव्हा बी वर साधारण ६.६ व्होल्ट पडतात आणि दुसरीवर ६ पेक्षाही थोडे कमी. एक जास्त तापते, दुसरी अर्धपोटी राहते. ६८८३ ही ६१४६ चीच १२.६ व्होल्टची भावंड आहे, तीही चुकून हाती येते. तसंच ८०७ आणि १६२५ चं: दुसरीचा हीटर १२.६ व्होल्टचा आणि बेसही वेगळा.

टीव्हीच्या स्वीप ट्यूब. एफटी-१०१ मध्ये ६जेएस६सी, टीआर-४ मध्ये तीन ६जेबी६, स्वान ३५० मध्ये ६एचएफ५. टीव्हीच्या हॉरिझाँटल आउटपुटसाठी बनलेल्या या ट्यूबला रेडिओ फ्रीक्वेन्सीवरचं वर्तन कोणत्याही उत्पादकाने बांधून दिलेलं नव्हतं. म्हणून नंबर तोच असूनही कंपनी बदलली की आतली कपॅसिटन्स बदलते, आणि न्यूट्रलायझिंग कपॅसिटरची धाव अपुरी पडू शकते. मग त्याच्या सोबतचा फिक्स्ड कपॅसिटर बदलावा लागतो. मूळ सेटमध्ये ज्या कंपनीची ट्यूब होती तीच मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी ती घ्या. टीआर-४ ला तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वर्तनाच्या हव्यात.

रिसीव्हरचे आयएफ (मधल्या फ्रीक्वेन्सीचे) आणि आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचे) अँप्लिफायर. ६बीए६ आणि ६एयू६ यांच्या पिना सारख्या. पण ६बीए६ चं कट-ऑफ (करंट पूर्ण बंद पाडणारं ग्रिड व्होल्टेज) लांबचं आहे, एजीसीचं (गेन आपोआप आवरणाऱ्या सर्किटचं) व्होल्टेज वाढलं की तिची गेन हळूहळू उतरते. ६एयू६ चं कट-ऑफ तीव्र आहे. ६बीए६ च्या जागी ती घातली की क्षीण स्टेशनं व्यवस्थित येतात आणि जोरदार स्टेशन आलं की आवाज फाटतो. मग माणूस आठवडाभर एजीसी सर्किट तपासत बसतो.

दुहेरी ट्रायोड. १२एएक्स७, १२एटी७ आणि १२एयू७ एकाच सॉकेटमध्ये बसतात. अँप्लिफिकेशन फॅक्टर मात्र अनुक्रमे १००, ६० आणि १७ ते २०. माइक अँप्लिफायर असो की व्हॉक्स (आवाजाने ट्रान्समिट सुरू करणारं सर्किट), मॅन्युअलमधला नंबरच घाला. ६यू८ए, ६ईए८ आणि ६जीएच८ए यांच्याही पिना जुळतात. साध्या अँप्लिफायरमध्ये एकीच्या जागी दुसरी बहुधा निभावते. ऑसिलेटर किंवा मिक्सरमध्ये ते गृहीत धरू नका, सगळे बँड आणि सगळे क्रिस्टल चालू होतात का ते बघा.

रेक्टिफायर. ५वाय३जीटी ला हीटरसाठी २ अँपिअर लागतात, ५यू४जीबी ला ३. दुसरी पहिलीच्या जागी अलगद बसते आणि ट्रान्सफॉर्मरवर एक अँपिअरचा जादा भार टाकते. ५एआर४ बसवली तर बी-प्लस, म्हणजे ट्यूबच्या प्लेटना जाणारा मुख्य सप्लाय, वाढतो, कारण तिच्यात व्होल्टेज कमी पडतं. सिलिकॉन डायोडचा प्लग लावला तर तो आणखी वाढतो, आणि बाकीच्या ट्यूब तापायच्या आधीच पूर्ण व्होल्टेज येतं. चाळीस वर्षांच्या फिल्टर कपॅसिटरला हे सोसत नाही.

रेग्युलेटर. ०ए२ दीडशे व्होल्टची, ०बी२ सुमारे १०५ ची, बेस एकच. अदलाबदल झाली की ऑसिलेटरला भलतंच व्होल्टेज मिळतं.

६. आता खरेदी

वापरलेली पण मोजलेली ट्यूब मला नवी पण न मोजलेल्या ट्यूबपेक्षा जास्त पसंत आहे. 'जुना न वापरलेला स्टॉक' हे शब्द खोक्यावर कुणीही लिहू शकतो. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कोणत्या प्लेट आणि स्क्रीन व्होल्टेजवर मोजली, त्या वेळी आयडलिंग करंट किती होता, आणि गॅस व शॉर्टची तपासणी झाली का. उत्तर नुसतं "टेस्टेड गुड" आलं, तर ती ट्यूब न तपासलेली समजून किंमत ठरवा.

जोडी म्हणजे दोन सारखी खोकी नव्हेत. फायनलना एकच बायस पॉट असतो, त्यामुळे त्याच बायसवर दोघींचे करंट एकमेकींच्या दहा टक्क्यांत हवेत. अन्यथा मीटरवर ६० मिलिअँपिअर दिसतात आणि त्यातले ४५ एकटी ट्यूब वाहत असते.

हातात आल्यावर पिनांचा रंग बघा. न वापरलेल्या ट्यूबच्या पिनांवर सॉकेटमध्ये घासल्याच्या रेघा नसतात. छपाई नवीकोरी आणि काचेवर मात्र वापराच्या खुणा, असं असेल तर नंबर नंतर छापलेला असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्या खात्रीच्या ट्यूबशेजारी धरा: प्लेटचा आकार, गेटरची जागा, अभ्रकाच्या चकत्यांची ठेवण. ज्यांना पुसट नंबर वाचता येत नाही त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडून तिरप्या उजेडात धरावं, अक्षरं क्षणभर उमटतात.

सावधान: नंबर असलेली जागा स्पिरिटने पुसू नका. ती छपाई एका फटक्यात जाते आणि मग ट्यूब कायमची अनोळखी होते.

७. बसवण्याची तयारी

सॉकेटकडे आधी लक्ष द्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा, मग जुनी ट्यूब चार-पाच वेळा आतबाहेर, मग क्लीनर पूर्ण वाळू द्या. सैल पडलेले कॉन्टॅक्ट बारीक सुईने आत ढकलून घट्ट करा. हे सगळं चार्ज उतरवलेला असतानाच.

सात आणि नऊ पिनांच्या लहान ट्यूबमध्ये पिना थेट काचेतून येतात. वाकडी पिन जोर लावून सॉकेटमध्ये सरळ होईल या आशेने दाबू नका, मुळाशी काच तडकते. पिन स्ट्रेटनर वापरा, नाहीतर चिमट्याने मुळापासून थोडं वर धरून सावकाश सरळ करा. काढताना ट्यूब गोलाकार हलवत वर घ्या. प्लेट कॅपची क्लिप प्लास्टिकच्या पट्टीने उचला, कॅपला धरून ट्यूब ओढू नका. कॅप काचेतून उखडलेली ट्यूब दुरुस्त होत नाही. मोठ्या ट्यूब स्वच्छ फडक्यात धरा.

रिसीव्हरच्या ट्यूब एका वेळी एकच बदला, सेट चालवून बघा, मग पुढची. सगळ्या एकदम बदलल्या आणि सेट मुका झाला, तर शोध कुठून सुरू करणार?

८. पहिल्यांदा चालू करताना

सुरुवात नुसत्या हीटरवर. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेल्या पॉवर ट्यूबमध्ये थोडा गॅस सुटलेला असू शकतो. प्लेट आणि स्क्रीन व्होल्टेज न देता हीटर काही तास, शक्य असेल तर रात्रभर चालू ठेवा. पंखा असेल तर तो चालू हवाच. ट्रान्सीव्हर रिसीव्हवर ठेवला की फायनल बायसने बंद असते, पण बऱ्याच सेटमध्ये तिच्या प्लेटवर तेव्हाही पूर्ण व्होल्टेज असतं. म्हणून तेवढ्याने भागत नाही. सर्किट बघून हाय व्होल्टेज खरोखर तोडता येतं का ते पाहा, नाहीतर वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर हीटर तापवा.

सावधान: प्लेट कॅप लावायची राहिली आणि स्क्रीनला व्होल्टेज मिळालं, तर सगळा करंट स्क्रीनच ओढते आणि काही सेकंदांत जळते. "एकीची कॅप काढून दुसरीचा करंट मोजू" ही युक्ती म्हणूनच करू नका. वेगवेगळा करंट बघायचा असेल तर प्रत्येक कॅथोडमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घाला. त्यावर ०.३ व्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर.

मग पुढचा क्रम:

अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावा. बायस पॉट सर्वात निगेटिव्ह बाजूला न्या. जुन्या ट्यूबची सेटिंग तशीच ठेवून नवी ट्यूब चालू करणं ही नेहमीची चूक आहे. ड्राइव्ह शून्यावर, ट्रान्समिट चालू, आणि बायस हळूहळू सैल करत मॅन्युअलमधल्या आयडलिंग करंटपर्यंत या. दहा मिनिटं बघत बसा. करंट आपोआप वर चढत असेल तर थांबा. एक तर ट्यूबमध्ये गॅस आहे, नाहीतर तिसऱ्या टप्प्यात काहीतरी सुटलं आहे.

तपासा: खोलीत अंधार करून दोन्ही प्लेटी बघा. आयडलिंगवर कुठेही लाली नको.

९. न्यूट्रलायझेशन

फायनल बदलल्यावर हे टाळता येत नाही, अगदी त्याच कंपनीची ट्यूब घातली तरी. बहुतेक मॅन्युअल ते १० मीटर बँडवर करायला सांगतात, कारण दोष तिथेच आधी दिसतो.

परीक्षा अशी. कमी ड्राइव्हवर प्लेट कपॅसिटर सावकाश फिरवा. प्लेट करंट सगळ्यात खाली येतो ती जागा आणि आउटपुट सगळ्यात वर जातं ती जागा एकच हवी. दोन वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर न्यूट्रलायझिंग कपॅसिटर थोडा फिरवा आणि पुन्हा बघा. त्या कप्प्यात हाय व्होल्टेज असतं, म्हणून पूर्ण इन्सुलेटेड लांब ट्यूनिंग टूलच वापरा.

टीएस-५२० सारख्या सेटला स्क्रीनचा स्विच आहे. तो बंद करून ड्राइव्ह द्यायचा, आउटपुटवर निसटून येणारं आरएफ संवेदनशील मीटरने बघायचं आणि न्यूट्रलायझिंग कपॅसिटर फिरवून ते किमान करायचं. ही पद्धत जास्त अचूक आणि ट्यूबसाठी जास्त सुरक्षित आहे. असा स्विच नसेल तर प्लेट आणि स्क्रीन दोन्हींचा सप्लाय तोडूनच ती करता येते.

यानंतरच पूर्ण लोडिंग. स्वीप ट्यूब असतील तर सलग कॅरिअर दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मग तेवढीच किंवा जास्त विश्रांती. सेट सुस्थितीत असूनही ट्यूब लवकर जातात, त्याचं कारण बहुधा रेंगाळत केलेलं ट्यूनिंग असतं.

१०. रिसीव्हर आणि अँप्लिफायरच्या काही वेगळ्या गोष्टी

आयएफची ट्यूब बदलली की त्या स्टेजच्या ट्रान्सफॉर्मरचा कोअर किंचित फिरवून पीक बघा. सगळी अलाइनमेंट करत बसू नका. व्हीएफओची (डायलने फिरणाऱ्या ऑसिलेटरची) ट्यूब बदलली, तर अर्धा-पाऊण तास सेट तापू द्या आणि मगच डायलचं कॅलिब्रेशन तपासा.

८११ए च्या जागी ५७२बी घालणारे बरेच आहेत. हीटर दोघींचा ६.३ व्होल्ट, ४ अँपिअर आणि बेसही तोच. ५७२बी जास्त उष्णता सोसते, पण ट्रान्सफॉर्मर तोच असल्याने आउटपुट वाढत नाही. ती घ्यायची तर टिकाऊपणासाठी घ्या.

३-५००झेड चं फिलॅमेंट ५ व्होल्टवर जवळजवळ १५ अँपिअर घेतं. एवढ्या करंटला सॉकेटचा थोडासा सैलपणाही पिन तापवतो आणि पिनमधलं सोल्डर वितळतं. जुनी ट्यूब काढल्यावर पिनांची टोकं बघा. सोल्डर ओघळलेलं असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी सॉकेट बदला. फिलॅमेंट व्होल्टेज सॉकेटच्या पिनांवरच मोजा. त्यासाठी प्लेट सप्लायचा प्रायमरी पूर्ण तोडलेला असला पाहिजे. आणि फिलॅमेंट चालू आहे तोवर पंखा चालू, ट्रान्समिट करत नसलात तरी.

८६६ए बदलली तर पाऱ्याचे थेंब प्लेटवर उडालेले असतात. पहिल्यांदा फिलॅमेंट निदान पंधरा-वीस मिनिटं तापवून मगच हाय व्होल्टेज द्या. पुढे रोजच्या वापरात अर्धा मिनिट पुरतो.

काम झाल्यावर एक कार्ड सेटच्या झाकणाला आतून चिकटवा: तारीख, ट्यूबचा पूर्ण नंबर आणि कंपनी, आयडलिंग करंट, ग्रिड बायस, हीटर व्होल्टेज, प्रत्येक बँडवरचं आउटपुट. काढलेल्या ट्यूबवरही चिठ्ठी लावा, आणि जी गॅस किंवा शॉर्टमुळे नापास झाली ती त्याच दिवशी फोडणार नसाल तर निदान पिना कापून टाका, म्हणजे ती पुन्हा चांगल्या ट्यूबच्या डब्यात जाणार नाही. फोडायची असेल तर फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून. पाऱ्याची किंवा रेग्युलेटर ट्यूब मात्र कधीच फोडू नका.